कुंपणाआड संपलेले फुलपाखरू: ब्रिटनमधील लार्ज ब्लूच्या संवर्धनाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

लार्ज ब्लू हे निळ्या पंखांवर काळे ठिपके असलेले फुलपाखरू युरोपपासून आशियापर्यंत आढळते. ब्रिटनमध्ये मात्र ते पहिल्यापासून मोजक्याच ठिकाणी, दक्षिण आणि पश्चिम इंग्लंडमधील भरपूर ऊन लागणाऱ्या, आखूड गवताच्या उतारांवर राहत आले. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याची तेथे नोंद झाली तेव्हाही ते दुर्मीळच समजले जात होते, आणि दुर्मीळ म्हणूनच फुलपाखरे पकडून जमवणाऱ्या संग्राहकांची त्याच्यावर सतत नजर होती. पुढे एकेक वसाहत नाहीशी होऊ लागली, तेव्हा दोषही साहजिकच संग्राहकांवर आला. हा समज अनेक दशके टिकला, आणि या प्रकरणातील पुढचे बरेच निर्णय त्याच समजावर उभे राहिले.

हे प्रकरण अभ्यासासाठी निवडण्याचे कारण असे की, येथे आस्था होती, पैसा होता, राखीव जागा होत्या, कायदाही होता, आणि तरीही 1979 मध्ये हे फुलपाखरू ब्रिटनमधून नामशेष झाल्याचे जाहीर करावे लागले. त्यानंतर ते परत आणता आले, हेही तितकेच खरे. शेवटची वसाहत जेथे होती त्या जागेचे नाव संशोधकांनी जाणीवपूर्वक गुप्त ठेवले होते आणि तिचा उल्लेख ‘साइट एक्स’ असाच होत असे. येथेही जमीनमालक, स्वयंसेवक आणि स्थानिक व्यवस्थापक यांची नावे दिलेली नाहीत. ज्यांचे काम सार्वजनिक नोंदीत आहे अशा शास्त्रज्ञांचाच नावाने उल्लेख आहे.

मुंगीच्या घरात वाढणारी अळी

या फुलपाखराचा जीवनक्रम समजल्याशिवाय पुढची अडचण लक्षात येणार नाही, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिणे भाग आहे.

मादी थाइम या जमिनीलगत पसरणाऱ्या सुगंधी वनस्पतीच्या कळ्यांवर अंडी घालते. अळी दोन-तीन आठवडे फुले आणि कोवळे बी खाते, शेवटची कात टाकते आणि जमिनीवर पडते. या वेळी तिचे वजन पूर्ण वाढीच्या वजनाच्या एक-दोन टक्केच असते. ती फारशी हालचाल न करता पानांखाली थांबून राहते आणि मिर्मिका वंशाच्या लाल मुंगीने आपल्याला शोधावे याची वाट पाहते. मुंगी आली की अळी आपल्या ग्रंथीतून गोड द्रव देते. मुंगी तो चाटत राहते. काही वेळाने अळी अंग फुगवून मागच्या भागावर उभी राहते, आणि तिचा गंध व आकार मुंगीच्या पिल्लासारखा भासल्यामुळे मुंगी ती वारुळातून बाहेर पडलेली आपलीच संतती समजून जबड्यात धरून घरी नेते. आत गेलेली अळी मुंग्यांची पिल्ले खाऊन सुमारे दहा महिने वाढते, तेथेच कोषात जाते आणि पुढच्या उन्हाळ्यात फुलपाखरू होऊन वारुळातून वर येते.

हे गूढ विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात टी. ए. चॅपमन, एफ. डब्ल्यू. फ्रोहॉक आणि ई. बी. प्युअरफॉय यांनी उलगडले. मुंगीशी नाते आहे हे त्यामुळे माहीत झाले. पण कोणत्या मुंगीशी, हा प्रश्न विचारलाच गेला नाही. थाइमच्या उतारांवर मिर्मिकाच्या अनेक जाती शेजारी-शेजारी राहतात आणि त्यांच्यापैकी कोणतीही मुंगी सापडलेली अळी उचलून नेते. त्यामुळे कोणतीही मिर्मिका चालते, असे गृहीत धरले गेले. पुढील साठ वर्षांच्या अपयशाचे मूळ या एका गृहीतकात होते, असे माझे मत आहे.

अडचण

1930 च्या दशकापासून उरलेल्या वसाहती वाचवण्याचे प्रयत्न सुरू झाले. संग्राहक हाच शत्रू मानल्यामुळे उपायही त्याच दिशेचे होते. जागा राखीव केल्या, पहारे ठेवले आणि काही ठिकाणी कुंपण घातले. कुंपणाने जाळीवाले संग्राहक बाहेर राहिले, तशी गुरे-मेंढ्याही बाहेर राहिल्या. आत गवत वाढले, फुले बहरली, जागा पाहणाऱ्याला अधिक ‘नैसर्गिक’ वाटू लागली आणि काही वर्षांतच तेथील फुलपाखरे संपली. ज्या उतारांवर शेतकरी नेहमीप्रमाणे जनावरे चारत होते, तेथे ती त्यानंतरही काही काळ तग धरून होती.

दुसरा घाव 1953 नंतर बसला. सशांमध्ये पसरणारा मिक्सोमॅटोसिस हा विषाणूजन्य रोग ब्रिटनमध्ये पोहोचला आणि दोन-तीन वर्षांत देशातील बहुतांश ससे मेले. डोंगरउतारावरची चराई शेतीच्या दृष्टीने परवडत नसल्यामुळे ती आधीच कमी होत चालली होती. गवत खाणारे ससेही गेले आणि जे उतार शतकानुशतके आखूड राहिले होते ते वाढू लागले. बाहेरून पाहता अधिवास जागच्या जागी होता. ना नांगर फिरला होता, ना इमारत उभी राहिली होती. थाइमही बहुतेक ठिकाणी होताच. अधिवास शाबूत आहे, अन्नवनस्पती आहे, संग्राहकांना बंदी आहे, आणि तरीही फुलपाखरू जात आहे, ही खरी कोंडी होती.

1975 च्या वन्यजीव आणि वन्य वनस्पती संवर्धन कायद्याने लार्ज ब्लूला संरक्षण दिले. तोवर जवळजवळ सर्व वसाहती संपलेल्या होत्या.

पहिला निर्णय: वाढवायचे की समजून घ्यायचे

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला संवर्धकांसमोर असलेले पर्याय असे होते. पहारा आणि बंदी आणखी कडक करायची. अळ्या बंदिस्त जागेत वाढवून फुलपाखरे सोडायची. पण मुंग्यांच्या वसाहतींसह त्यांना वाढवणे अत्यंत कष्टाचे होते आणि ज्या जागी मूळची वसाहत तगली नाही तेथे नवी फुलपाखरे का तगावीत, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. तिसरा मार्ग असा की, शेवटच्या वसाहतीजवळ राहून अंड्यापासून फुलपाखरापर्यंत कोणत्या टप्प्यावर किती जीव मरतात हे मोजायचे. हा मार्ग संथ होता. घर पेटलेले असताना मोजमाप कसले करता, असा आक्षेप घेतला जाणे स्वाभाविक होते.

तरीही तो स्वीकारला गेला. 1972 पासून जेरेमी थॉमस या तरुण संशोधकाने शेवटच्या वसाहतीचा सलग अभ्यास सुरू केला. त्याने माद्यांनी घातलेली अंडी मोजली, अळ्यांचा माग काढला, मुंग्या कोणत्या अळीला कोठे नेतात ते पाहिले, वारुळांतील जगण्याचे प्रमाण तपासले आणि या सर्वांचा वर्षागणिक तक्ता मांडला. अंडी पुरेशी होती. थाइमवरची वाढ ठीक होती. मोठी हानी मुंग्यांच्या वारुळात होत होती, आणि ती कोणत्या जातीच्या वारुळात अळी गेली यावर अवलंबून होती. मिर्मिका सॅब्युलेटी या एका जातीच्या वारुळात अळ्या मोठ्या प्रमाणावर जगत होत्या. इतर मिर्मिकांच्या वारुळात त्या बहुधा मरत होत्या. त्यातही वारूळ चांगले मोठे लागते. एका फुलपाखराचे पोषण करायला तीनशेहून अधिक कामकरी मुंग्यांची वसाहत लागते, आणि एकाच वारुळात अनेक अळ्या गेल्या तर अन्न संपून सगळ्याच उपाशी मरण्याची शक्यता असते.

आता गवताचा मुद्दा उलगडला. सॅब्युलेटी ही उष्णता हवी असलेली मुंगी आहे आणि ब्रिटन तिच्या वस्तीच्या उत्तरेकडच्या टोकाला येतो. तेथे तिला दक्षिणेकडे तोंड असलेला उतार आणि जवळजवळ जमिनीलगत कातरलेले गवत हवे, म्हणजे ऊन थेट मातीवर पडते. गवत दोन-तीन सेंटीमीटरच्या वर गेले की सावलीमुळे मातीचे तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. एवढ्याशा फरकाने सॅब्युलेटी मागे हटते आणि तिच्या जागी थंडावा सोसणारी मिर्मिका स्कॅब्रिनोडिस येते. वरून पाहणाऱ्याला काहीच बदललेले दिसत नाही. थाइम तोच, लाल मुंग्याही तशाच, अळ्याही वारुळात नेल्या जात आहेत. फक्त त्या चुकीच्या घरात नेल्या जात आहेत.

कुंपणाने काय केले, हे येथे स्पष्ट होते. फुलपाखराला माणसाच्या हातापासून वाचवताना त्याच्या मुंगीच्या डोक्यावरचे ऊन काढून घेतले गेले.

उशीर

उत्तर सापडले, पण वेळ उरली नव्हती. शेवटच्या जागेवर चराई आणि झुडुपांची सफाई सुरू झाली, मुंग्या सुधारू लागल्या, आणि नेमक्या त्याच काळात 1975 आणि 1976 चे दुष्काळी उन्हाळे आले. थाइम सुकला. आधीच तुटपुंजी असलेली वसाहत सावरता येण्याच्या पलीकडे गेली. उरलेल्या मोजक्या फुलपाखरांसाठी बंदिस्त प्रजननाचाही प्रयत्न झाला, पण इतक्या कमी संख्येतून काही उभे राहिले नाही आणि 1979 मध्ये नामशेष झाल्याची घोषणा झाली.

अभ्यास दहा वर्षे आधी सुरू झाला असता तर ही घोषणा टळली असती, असे मानायला बरीच जागा आहे. जाती दुर्मीळ झाल्यावर तिच्यावर संशोधन सुरू करणे म्हणजे मोजण्यासारखे काही उरले नसताना मोजायला बसणे. आणि आजही बहुतेक देशांत संकटग्रस्त कीटकांच्या वाट्याला हीच वेळ येते, याची मला फार खंत वाटते.

दुसरा निर्णय: परत आणायचे का, आणि कोठून

नामशेष झाल्यानंतर प्रकरण बंद करता आले असते. युरोपात ही जात होतीच. एका देशातून गेली म्हणजे जगातून गेली असे नव्हते. या बाजूने मांडला जाणारा युक्तिवाद हलका नाही: मर्यादित निधी अजून शाबूत असलेल्या जातींवर खर्च करावा. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, अपयशाचे कारण आता माहीत आहे, ते दुरुस्त करता येते, आणि दुरुस्ती खरी की खोटी हे तपासण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे फुलपाखरू परत आणून पाहणे. शिवाय आखूड गवताचे उष्ण उतार इतरही अनेक जातींचे घर होते.

पुनर्स्थापनेचा निर्णय झाला, पण क्रम उलटा ठेवला गेला. आधी उतार निवडले. झुडुपे तोडली. जनावरे आणली आणि कोणत्या ऋतूत किती चारायचे हे ठरवले. मग मुंग्या येण्याची वाट पाहिली. आमिष ठेवून कोणत्या जातीच्या मुंग्या येतात ते नियमित पाहिले आणि थाइमच्या झुडुपांभोवती, म्हणजे मुंगी अन्न शोधत फिरते तेवढ्या दोन-एक मीटरच्या परिघात, सॅब्युलेटीची पुरेशी वारुळे झाल्याखेरीज जागा तयार मानली नाही. फुलपाखरू सर्वांत शेवटी आले. निधी देणाऱ्यांना दाखवायला वर्षानुवर्षे फक्त गवत आणि मुंग्या होत्या, हे लक्षात घेतले तर या संयमाची किंमत कळते.

वाण कोठून आणायचे, हा पुढचा प्रश्न होता. फुलपाखरू बाहेर पडण्याची वेळ आणि थाइमच्या कळ्या येण्याची वेळ जुळली नाही तर मादीला अंडी घालायला जागाच मिळत नाही. आणि यजमान मुंगी तीच असणेही आवश्यक होते. या कसोट्यांवर स्वीडनमधील ओलांड बेटावरची वसाहत जुळली. 1983 मध्ये तेथील वाण नैऋत्य इंग्लंडमधील डार्टमूर या माळरानाच्या कडेच्या जागेवर आणून चाचणी सुरू झाली आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून सॉमरसेटमधील पोल्डन टेकड्यांवर मोठ्या प्रमाणावर काम हाती घेतले गेले. थॉमस यांच्यासह डेव्हिड सिमकॉक्स हे या कामाचे दुसरे प्रमुख नाव. मूळ ब्रिटिश वाण संपलेले असल्यामुळे ही जशीच्या तशी पुनर्स्थापना म्हणता येणार नाही, हा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि तो तत्त्वतः बरोबरही आहे. पण मूळ वाण उरले नसताना पर्याय स्वीडिश फुलपाखरू किंवा काहीच नाही, एवढाच होता.

परिणाम

पोल्डन टेकड्यांवरील वसाहती स्थिर झाल्या आणि शेजारच्या तयार केलेल्या उतारांवर फुलपाखरे स्वतःहून पसरली. थॉमस, सिमकॉक्स आणि राल्फ क्लार्क यांनी 2009 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात या कामाचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला. त्यात मुंगी, गवत आणि फुलपाखरू यांच्या नात्यावरून बांधलेले अंदाज प्रत्यक्ष वसाहतींच्या चढउतारांशी जुळत असल्याचे दिसून आले. ग्लॉस्टरशायरमधील रॉडबरो कॉमनवर पाच वर्षे जागेची तयारी केल्यानंतर 2019 मध्ये सुमारे 1,100 अळ्या सोडल्या गेल्या आणि 2020 च्या उन्हाळ्यात तेथे सुमारे 750 फुलपाखरे उडाली. तेथून ती जाऊन दीडशे वर्षे झाली होती. जातींना असलेल्या धोक्यानुसार वर्ग ठरवणाऱ्या 2022 च्या ब्रिटिश लाल यादीत लार्ज ब्लू ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटसमीप’ वर्गात आले.

त्याच यादीचा दुसरा आकडाही शेजारी ठेवला पाहिजे. ब्रिटनमधील 58 प्रजननक्षम फुलपाखरांपैकी 24 जाती संकटग्रस्त ठरल्या. आधीच्या यादीत हा आकडा 19 होता. एका जातीवर चाळीस वर्षे केलेले काम यशस्वी होते, तेव्हाच इतर जाती घसरत असतात. म्हणून या उतारांवर लार्ज ब्लूबरोबर आणखी काय वाढले, हे मला संख्येपेक्षा महत्त्वाचे वाटते. दुर्मीळ ऑर्किड, वायोलेटच्या जाती, इतर फुलपाखरे आणि उघड्या आखूड गवतात चरणारे वुडलार्क पक्षी यांनाही या व्यवस्थापनाचा लाभ झाला.

संग्राहकांचा प्रश्न मात्र पूर्ण मिटलेला नाही. 2015 मध्ये लार्ज ब्लू पकडून मारल्याबद्दल एका व्यक्तीला 2017 मध्ये न्यायालयाने सहा महिन्यांची निलंबित शिक्षा सुनावली. कायदा निरुपयोगी नाही, हे यातून दिसते. पण कायद्याचे संरक्षण 1975 पासून होते आणि त्याच्या छत्राखालीच हे फुलपाखरू नामशेष झाले, हेही विसरता येत नाही.

चतुरांना हे लागू पडते का

चतुर, म्हणजे पाण्याकाठी उडणारे ड्रॅगनफ्लाय कीटक, यांच्या संवर्धनालाही हे लागू पडते, आणि त्यांच्या बाबतीत तर चूक होण्याची शक्यता अधिक आहे. आपण पाहतो तो पंखांचा चतुर आयुष्याचा शेवटचा छोटा तुकडा असतो. महिने किंवा वर्षे तो पाण्याखाली अळीच्या रूपात काढतो. काठावरची झाडे राखली, जाळी घेऊन फिरणाऱ्यांना मज्जाव केला, तरी पाणी बिघडले तर काही उरत नाही. ऑक्सिगॅस्ट्रा कर्टिसी हा नारिंगी ठिपक्यांचा हिरवा चतुर ब्रिटनमध्ये डॉर्सेटच्या मूर्स नदीवर होता. तो 1963 नंतर तेथे दिसला नाही, आणि नदीत येणारे सांडपाणी हे त्याचे मुख्य कारण मानले जाते. नदीकाठ जागेवर होता, नदी नव्हती.

उलट बाजूचे उदाहरण ल्यूकोऱ्हायनिया ड्यूबिया या पांढऱ्या चेहऱ्याच्या चतुराचे आहे. त्याची अळी दलदलीतील आम्लधर्मी डबक्यांच्या कडेला, स्फॅग्नम शेवाळाच्या गुंत्यात वाढते. उत्तर इंग्लंडमधील फोल्शॉ मॉस या दलदलीत आधी पाण्याची पातळी पूर्ववत केली गेली, शेवाळ पुन्हा वाढले आणि नंतरच, 2010 पासून, दुसऱ्या वसाहतीतून शेवाळासह अळ्या आणून सोडल्या गेल्या. आधी अळीचे घर, मग चतुर, हा क्रम लार्ज ब्लूच्या कामाशी जुळणारा आहे.

काय वेगळे करता आले असते

कुंपण घालण्याच्या निर्णयात वाईट हेतू नव्हता, पण एक साधी तपासणी राहून गेली. ज्या जागी फुलपाखरू अजून टिकून आहे आणि ज्या जागी ते गेले आहे, त्या दोन्हींवर गवत किती उंच आहे आणि जनावरे कोण चारते, याची तुलना 1930 च्या दशकातही करता आली असती. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नव्हती; ज्या शेतकऱ्याच्या उतारावर फुलपाखरे होती त्याला विचारले असते तरी चालले असते. राखीव जागेतून चराई काढून टाकताना ती तेथे किती काळापासून होती हे विचारण्याची पद्धत तेव्हा नव्हती, आणि बऱ्याच देशांत ती अजूनही रुळलेली नाही.

संशोधनाला एकाच वसाहतीवर अवलंबून राहावे लागले, ही दुसरी उणीव. अधिक वसाहती असताना काम सुरू झाले असते तर एखाद्या जागेवर चराई वाढवून, दुसऱ्या जागेवर ती तशीच ठेवून फरक पाहता आला असता, आणि दोन दुष्काळी वर्षांनी सारा खेळ संपला नसता.

गुप्ततेच्या बाबतीत माझे मत पूर्ण ठरलेले नाही. शेवटची वसाहत लपवणे आवश्यक होते. पण पुनर्स्थापनेनंतर पोल्डन टेकड्यांवरील कॉलर्ड हिलसारखी जागा लोकांसाठी खुली करण्याचा निर्णय घेतला गेला आणि त्यामुळे फुलपाखरू पाहायला येणाऱ्यांची जागेवर नजर राहू लागली. काही चोऱ्या झाल्या, तरी लोकांपासून तोडलेल्या उतारापेक्षा लोकांच्या ओळखीचा उतार सुरक्षित राहतो, असे एकंदर अनुभवावरून वाटते.

सर्वांत अवघड भाग पुढे आहे. हे काम एकदा करून संपणारे नाही; चराई थांबली की चार-सहा वर्षांत मुंगी जाईल आणि तिच्यामागे फुलपाखरू. हवामान बदलत असल्यामुळे गवताची योग्य उंचीही कायम राहणारी नाही. उन्हाळे अधिक उष्ण झाले तर सॅब्युलेटीला थोडे उंच गवतही चालेल, उलट फार आखूड चारलेला दक्षिण उतार थाइमसाठी कोरडा पडेल. म्हणून व्यवस्थापकांना तेच वेळापत्रक दरवर्षी वापरता येत नाही. प्रत्येक हंगामात मुंग्या तपासून, थाइम पाहून आणि गवत मोजून त्या वर्षीची जनावरे ठरवावी लागतात, आणि हा खर्च दरवर्षी कोण उचलणार हे प्रत्येक जागेवर नव्याने ठरवावे लागते.